कवसामावशी गोड बोलली तो दिवस

काल कवसामावशी गेली, आन् आमच्या गावातल्या लेकरांना शिव्या देणारं माणूस संपलं.

मावशी अंगणवाडीत मदतनीस होती.
खिचडी शिजवायची, लेकरं गोळा करायची, आन् वजनाच्या दिवशी लिंबाच्या फांदीला काटा टांगून एकेकाला झोळीत बसवायची.

बाहेरच्यांना माहीत नसंल म्हणून सांगते. आमच्याकडं लेकराचं वजन चारचौघांत बोलत न्हाईत. लेकरू चांगलं हाय असं तर बिलकुल म्हणायचं न्हाय. नजर लागती.
त्यामुळं काटा निघाला की आया घराला कडी लावून आत बसायच्या.

मावशीनं इलाज काढला. आकडा अंगणवाडीच्या ताईला कानात सांगायची, आन् लेकराला मोठ्यानं शिव्या द्यायची.
"काय हे मरतुकडं. ह्याच्यापरीस उंदीर बरा. उतरव खाली."
आई खूश होऊन घरी.

पण लेकरू खरंच वाळलेलं असलं की मावशीच्या तोंडातून शिवी निघायची न्हाय. आवाज मऊ व्हायचा. बाळ लई गुणाचं हाय गं, म्हणायची, आन् आईला बाजूला बसवायची.

मावशी गोड बोलली की आई दवाखान्याची पिशवी भरायला घ्यायची.

हे सगळ्या गावाला ठाऊक. कळंबहून आलेल्या नव्या सुपरवायझर मॅडमला कुठून ठाऊक असणार.

मॅडम पहिल्यांदाच वजनाच्या दिवशी आल्या. खुर्चीवर टेकल्या न टेकल्या, तेवढ्यात मावशी एका लेकराला म्हणाली, आलं का माकड, काटा मोडलास तर तुझ्या बापाकडून भरून घेईन.
मॅडम उठूनच उभ्या राहिल्या. लेकरांशी प्रेमानं बोलायचं, आयांना बरं वाटलं पाहिजे, असं लई येळ समजावलं.
मावशी म्हणाली, बरं मॅडम.

आन् तिनं लाइनीतल्या सगळ्या लेकरांना गोड बोलून टाकलं.

पहिली आई मटकन खाली बसली.
दुसरीनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला, गाडी काढा म्हणून.
एक पोरगं तर असं की त्याच्या वजनानं फांदी वाकत होती. त्याची आजीसुद्धा ऊर बडवायला लागली.
दुपारपर्यंत घरोघरी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. गावात असा ठसका उठला की मॅडम गाडीच्या काचा लावून आत खोकत होत्या.

मग कळलं की हे सगळं मॅडमच्या ऑर्डरनं झालं. सगळं गाव हसलं.

मी हसले न्हाय.
माझ्या शिवांशला पण मावशी गोड बोलली होती. ते ऑर्डरचं का खरं, हे मला कळंना.

त्या साली पावसानं दगा दिला होता. वैरण न्हाय म्हणून म्हस विकली. आमचे मालक पुण्याला कामाला. दूध बंद झालं तसं मी लेकराला चहात बिस्कीट बुडवून द्यायची. झबलं ढिलं व्हायला लागलं, तर मला वाटलं धुऊन धुऊन सैल झालं.

लेकरू कडेवर घेतलं आन् मावशीच्या घरी गेले. ती भांडी घासत होती. खरं सांगा म्हणलं.
तिनं हात धुतले. पदराला पुसले. लई येळ पुसले.
"बाकीच्यांना मॅडमच्या भीतीनं बोलले. तुझ्याला मनानं बोलले."

मग कुठं नेऊ, मी विचारलं.

सकाळच्या गाडीनं धाराशिवला न्यायचं ठरलं. माझी सासू आडवी आली. थोरल्या दवाखान्यात लेकरू नेलं की परत देत न्हाईत, म्हणाली. खरं सांगते, मला पण तसंच वाटत होतं.
मावशी म्हणाली, "आत्याबाई, तिथं काय लेकरांचा दुष्काळ पडलाय, तुमचंच ठिवून घ्यायला?"

एसटीत तेर गावाच्या पुढं शिवांश मावशीच्या अंगावर ओकला. नव्या लुगड्यावर.
मावशीनं वाकून बघितलं आन् म्हणाली, चहा. नुसता चहा हाय पोटात.
त्या एका वाक्यानं जेवढी लाज वाटली तेवढी कुणाच्या भाषणानं वाटली नसती.

दवाखान्यात लेकराला थोडं थोडं करून खाऊ घालायचे. मी कोपऱ्यात रडायची. मावशी वॉर्डभर फिरून दुसऱ्यांचे डबे उघडून बघायची, आन् ह्यात डाळ कुठाय म्हणून अनोळखी बायांना झापायची. नर्सबाईंना वाटलं ही कुणीतरी वरची साहेबीण.
एक दिवस शिवांशनं नर्सबाईंच्या हातातली वाटीच ओढून घेतली.
मग आमाला घरी सोडलं.

पुढं परत लिंबाखाली काटा लागला. मॅडम पण आल्या होत्या. मावशीनं शिवांशला झोळीत बसवलं, काट्याकडं बघितलं, मग मॅडमकडं बघितलं.
मॅडम म्हणाल्या, "बोला मावशी. मोकळं बोला."

"अगं ए, हे काय रेडकू आणलंस? फांदी मोडतंय मेलं. कोण खाऊ घालतंय ह्या हावऱ्याला? उचल, उचल."

मी तिथंच मातीत बसून रडले. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी विचारलं, कोण गेलं का घरातलं?

काल मावशी गेली. अंगणवाडीच्या ओट्यावर लसूण सोलत बसली होती, तशीच कलंडली.

माझी धाकटी आता रांगती. मला भीती वाटती, आता कुणाच्या तोंडाकडं बघून मला कळणार. पण कडी लावून आत बसणार न्हाय. ताईला विचारीन, पोरीचा आकडा मोठ्यानं सांगा म्हणीन.

मावशी, शिवांश आज भाकरी-वरण खाऊन, वर आणखी मागून शाळेत गेला.
जावा आता निवांत. आमा सगळ्या आयांचा तुमाला शेवटचा नमस्कार.