साडेआठची नोंद

सोमवार, ९ जुलै २०१२, सकाळी आठ वाजून बेचाळीस मिनिटं. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण मोबाइलच्या पडद्यावर ती आईच्या नावाशेजारी उमटली होती, आणि आई त्या वेळेला कधीच फोन करत नसे. मी हैदराबादला, प्रयोगशाळेत जायला निघाले होते. "अप्पा गेले गं..." आई म्हणाली. मग, "बाटली बघायला म्हून उठले, पायरीवर बसले, ते तसेच." त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार सांगायला संकोच वाटतो, पण वडिलांविषयी लिहिताना खाडाखोड शोभणार नाही. मला वाटलं, म्हणजे आजची नोंद राहिली.

अप्पा बीदरजवळच्या जनवाड्यात शाळेत विज्ञान शिकवत. १९९१च्या जूनमध्ये कुठल्याशा योजनेतून शाळेला पर्जन्यमापक मिळाला : वर नरसाळं, आत बाटली, आणि मिलिमीटरच्या खुणा असलेलं काचेचं मापपात्र. इतरांचा उत्साह एका पावसाळ्यात ओसरला. अप्पा मात्र रोज सकाळी साडेआठला बाटली बघत राहिले, कारण पावसाचा दिवस देशभर साडेआठ ते साडेआठ असा मोजतात. रविवार, सुट्टी, घरातलं लग्न, आजीचा मृत्यू, कशानंही त्यात खंड पडला नाही. निवृत्तीच्या वेळी ते यंत्र भंगारात निघणार होतं. मुख्याध्यापकांना विनंती करून त्यांनी ते आमच्या अंगणात आणलं आणि शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून भोवती तार ओढली. नोंदवहीचे त्यांचे दोन नियम होते. चुकलेला आकडा खोडायचा नाही. त्यावर एकच रेघ ओढायची, म्हणजे खालचा वाचता येतो, आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचा. दुसरा नियम मला सहाव्या-सातव्या वर्षी कळला. कोरड्या मार्च महिन्यात त्यांना रोज '०.०' लिहिताना पाहून मी विचारलं होतं, "पाऊसच न्हाई तर लिहायलाव कामून?" ते म्हणाले, "रिकामं सोडलं म्हंजे कुणी बघितलंच न्हाई. शून्य म्हंजे बघितलं, अन् न्हवता. दोन्ही एकच हाय व्हय?" आमच्या घराण्यात लिहायला शिकलेले अप्पा पहिले. आपण लिहिलेल्यावर कुणी बोट ठेवू नये, एवढंच त्यांना मनापासून हवं होतं.

२००६ साली घरी कॉम्प्युटर आला आणि अप्पांनी एका बोटानं टंकून पंधरा वर्षांचा पाऊस त्यात भरला. आठ महिने लागले. पुढच्याच वर्षी शाळेच्या कपाटातल्या मूळ वह्या वाळवीनं खाल्ल्या. म्हणजे आता ती एक फाइल हीच सगळी नोंद होती. हे मला ठाऊक होतं. तरीही डिसेंबर २००८मध्ये, गुलबर्ग्याहून एम.एस्सी.च्या सुट्टीत आले असताना, मी फाइलची दुसरी प्रत न काढताच त्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली बसवायला घेतलं. पुढे संशोधन करायचं तर लिनक्स यायलाच हवं, आणि ते याच आठवड्यात यायला हवं, अशी माझी घाई होती. डिस्कचे भाग पाडून झाले, फाइली उतरू लागल्या, आणि काम शेवटाशी आलं असताना वीज गेली.

वीज परतली तेव्हा काळ्या पडद्यावर 'एरर १७' एवढंच होतं. विंडोज नाही, लिनक्स नाही, पाऊस नाही. मी सीडी घालून एक गोष्ट बदलून पाहिली, लगेच दुसरी, मग तिसरी. अप्पा मैलूरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून माणूस घेऊन आले. त्यानं पडद्याकडे एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, "फॉरमॅट मारू, अक्का. एकदम नवा होतंय."

"नवं नक्को रे बाबा," अप्पा म्हणाले. "मला जुनंच पायजे."

त्याला चहा पाजून त्यांनी वाटेला लावलं आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. हातात वही. "आत्ता काय बदललीस?" मी सांगितलं. "त्याच्या आधी?" मला आठवेना. "मग तुला तरी कसं कळणार, कशानं काय झालं ते? एकावेळी एकच बदल. मी लिहून घेतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला मान वर करवेना. त्यांनी एक, दोन, तीन असे आकडे टाकले आणि मी सांगेन ते नागमोडी अक्षरात लिहीत गेले. चौथ्या पायरीला, काहीही न बसवता नुसत्या सीडीवरून लिनक्स चालू केलं आणि डिस्कवर विंडोजचा भाग शाबूत आहे का ते पाहिलं. तो होता. त्यात ती फाइलही होती. आधी तिची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. मग सुरुवातीला दोन्हींपैकी एक निवडायला लावणारा तो छोटा प्रोग्राम नव्यानं बसवला. सातव्या पायरीला पडद्यावर यादी आली : वर लिनक्स, खाली विंडोज. अप्पांनी वहीत 'चालू' असं लिहिलं, तारीख घातली आणि खाली माझी सही घेतली.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. मी गुलबर्ग्याला परतले आणि चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "अगं, तुझं यंत्र तीन वाजलेत म्हणायलंय. मी साडेआठला बाटली बघून आलो." दोन कळा एकत्र दाबल्या की त्या क्षणाची वेळ रकान्यात आपोआप उमटते, हे मीच त्यांना शिकवलं होतं. मी क्षणाचाही विचार न करता निदान केलं, आतली बॅटरी संपली असेल. त्यांनी बॅटरी बदलून घेतली आणि घड्याळ लावलं. ते बरोबर चाललं. मी घरी जाऊन आले की पुन्हा तीन. पुन्हा बॅटरी. असं तीनदा झालं. गंमत म्हणजे, घरी लिनक्स सुरू केलं की मला घड्याळ पुढे गेलेलं दिसे. मी ते सरळ करी आणि कारण विचारीत नसे.

दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी अप्पांच्याच नोंदी घेतल्या. मार्गदर्शकांनी छापील तक्ता चाळला आणि वेळेच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. "साडेआठ, साडेआठ, आणि मध्येच सलग पाच दिवस पहाटेचे तीन? या नोंदी कुणीतरी घरी बसून भरलेल्या दिसतात. असा डेटा मी स्वीकारणार नाही." प्रबंध गेला असता तर मी दुसरा विषय घेतला असता. पण अप्पांच्या लिहिण्यावर बोट ठेवलं गेलं होतं, आणि ते माझ्यामुळे.

त्याच शनिवारी घरी गेले. चपला काढण्याआधीच मी विचारलं, "अप्पा, वेळ चुकीची पडली तर दुरुस्त कामून केली न्हाई तुम्ही?"

"पडलेला आकडा खोडायचा न्हाई, हे कुणाला सांगितलं होतं मी?"

"सर म्हणाले, पहाटे तीनला कोण पाऊस मोजतंय!"

"बरोबरच हाय की त्यांचं. मी काय भूत हाय व्हय, तीनला तारंच्या आत शिरायला?" स्वतःच्याच विनोदावर ते थोडे हसले. आई आतून म्हणाली, "लेकरू आलंय, आधी पाणी तरी द्या." ते उठले, पण पाण्याबरोबर वही घेऊन आले.

वहीत पाच रकाने आखलेले होते : तारीख, भिंतीवरच्या घड्याळाची वेळ, यंत्राची वेळ, फरक, शेरा. फरकाच्या रकान्यात एकतर शून्य, नाहीतर पाच तास तीस मिनिटं. तिसरा आकडा कुठेच नाही. "बॅटरीचं दुखणं असतं तर फरक रोज निराळा आला असता," ते म्हणाले. "हा दर बारीला तेवढाच येतोय. हे बिघडलेलं न्हाई, हे कुणाचंतरी ऐकायलंय." शेऱ्याचा रकाना मी शेवटी पाहिला. जिथे जिथे फरक सुरू झाला होता, तिथे तिथे एकच वाक्य होतं : 'ती येऊन गेली.'

पदवी माझ्याजवळ होती आणि निरीक्षण त्यांच्याजवळ. पाच तास तीस मिनिटं म्हणजे ग्रिनिच आणि आपल्यातलं अंतर, हे मी शाळेत त्यांच्याकडूनच शिकले होते. लिनक्स यंत्राच्या आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहून ठेवत होतं. विंडोज तीच इथली वेळ समजून वाचत होतं. मी एकाचं घड्याळ सरळ केलं की दुसऱ्याचं चुके. अप्पांनी दुसऱ्याचं सरळ केलं की माझं चुके. उपाय एका ओळीचा होता : आतलं घड्याळ इथल्या वेळेवर चालतं, एवढं लिनक्सला सांगणं. ते मी त्यांच्यासमोर केलं. मग मी म्हणाले, "अप्पा, आपल्याकडं साडेआठ वाजतात तेव्हा ग्रिनिचला बरोबर तीन वाजतात."

त्यांनी वही पुन्हा जवळ ओढली. "म्हंजे ते खोटं न्हवतं बोलायलं."

"न्हाई."

"मग राहू दे त्या ओळी तशाच."

त्या तशाच राहिल्या. वहीची पानं प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडली. मार्गदर्शकांनी ती सावकाश वाचली, पेन्सिलीच्या खुणेवर एक रेघ ओढली आणि शेजारी 'मान्य' असं लिहिलं. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं ते एवढंच, "खोडलं न्हाई ना? रेघच मारली ना?" त्यानंतर यंत्राचं घड्याळ कधी चुकलं नाही. एकदा फोनवर सहज म्हणाले, "आता ते बघून कळत न्हाई, तू कधी येऊन गेलीस ते..."

त्या सोमवारी मी घरी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. अंगण माणसांनी भरलेलं. आईनं तारेच्या तोंडाशी खुर्ची आडवी टाकली होती आणि सकाळपासून कुणाला तिकडे फिरकू दिलं नव्हतं. मला पाहून ती रडली. मग डोळे पुसून हळूच म्हणाली, "आधी ते बघून ये. सकाळपासून थेंब न्हाई पडला, आहे ते रातचंच हाय." मापपात्रात ७.४ मिलिमीटर भरले. वेळ दोन वाजून दहा मिनिटं. साडेआठ लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. उशीर बरोबर साडेपाच तासांचा असता तर या लेखाला शोभून दिसला असता. पण तो पाच तास चाळीस मिनिटांचा होता, आणि तसाच लिहिला.

मृत्यूनंतरच्या जलदानविधीपर्यंत मी राहिले. रोज साडेआठला बाटली पाहून कॉम्प्युटर लावत असे. पडद्यावर ती यादी येते, दहा सेकंद थांबते : वर माझं लिनक्स, खाली त्यांचं विंडोज. यंत्र रोज अप्पाच वापरत, पण क्रम बदलून द्यायचं मला साडेतीन वर्षांत सुचलं नाही, आणि त्यांनी कधी म्हटलं नाही. रोज सकाळी खालच्या बाणाची कळ दाबून ते आपल्या ओळीवर येत. त्या कळेवरचा बाण आता पुसून गेला आहे. आईला डोळ्यांनी बारीक खुणा दिसत नाहीत. म्हणून माझ्या निघण्यानंतरच्या ओळी रिकाम्या आहेत. त्या रिकाम्याच राहतील, त्यांना शून्य समजू नये. निघायच्या सकाळी आभाळ मोकळं होतं. तार बाजूला करून नरसाळं उचललं, बाटली उजेडात धरली, दोनदा पाहिली. "काहीच न्हाई ना?" आईनं पायरीवरून विचारलं. मी आत गेले, खालचा बाण दाबला, फाइल उघडली, दोन कळांनी वेळ उमटवली. ८:३०. शेजारच्या रकान्यात लिहिलं :

०.०