वेगळी वाटी

जपानमध्ये फुनाबोरीजवळच्या जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून भाताशेजारी भाजी मांडायचो. ती व्हिएतनामी, माझ्याच इमारतीत खालच्या मजल्यावर नवरा आणि आठ वर्षांच्या लेकीबरोबर राहणारी. बोलणं मोडक्यातोडक्या जपानीत. वाचता मात्र मला बरंच यायचं, म्हणून तिचं टपाल वाचायला माझ्याकडेच यायचं.

त्यांच्याकडे जेवताना माशाच्या सॉसची एकच वाटी मधोमध ठेवतात, सगळे तिच्यात बुडवून खातात. ती मात्र स्वतःची वाटी वेगळी घ्यायची. मला कोण आनंद! "आमच्याकडेही उष्टं चालत नाही," मी कौतुकाने सांगितलं. ती नुसती हसली. मीही पुढे काही विचारलं नाही. सगळ्या जगाला आपल्या मापाने मोजायची माझी जुनी खोड.

त्या हिवाळ्यात तिच्या एप्रनच्या नाड्या पाठीमागे पुरेनाशा झाल्या. चेहरा मात्र ओढलेला. "दुसरं येतंय की काय?" मी चिडवलं. "जपानचा भात!" म्हणत तिने गाठ सैल केली.

एका रविवारी जवळच्या हॉलमध्ये एक व्हिएतनामी नर्स हेपॅटायटिस बीबद्दल माहिती देणार होती. लेकीला सांभाळायला म्हणून मीही गेले. नर्स आधी त्यांच्या भाषेत बोलायची, मग जपानीत. हा आजार जेवणातून, वाटीतून पसरत नाही, ती म्हणाली. रक्तातून पसरतो, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही आणि आत लिव्हर खराब होत राहतं. तपासणी करा, औषधं आहेत.

माझ्या मनगटात शेजारणीची बोटं रुतली.

बाहेर सायकलींपाशी ती एकदम बोलायला लागली. तिची आई चाळिशीत गेली होती, पोट फुगून. गावाने त्यांच्याकडे येणं-जाणं सोडलं. तेव्हा आजीने हिच्या हातात वेगळी वाटी दिली आणि सांगितलं, एवढं पाळलंस की कोणाला काही होणार नाही. कुणाला कळायला नको म्हणून हिने कधी रक्त तपासलंच नाही. लेक गावाकडे जन्मली, तिला लस दिली होती की नाही, तेही हिला आठवेना.

"वाटी वेगळी ठेवली ना मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला स्वतःची लाज वाटली.

मायलेकींनी तपासणीला रक्त दिलं. रिपोर्ट आले तो शनिवार होता, दुपारची जेवायची वेळ. तिने मला खाली बोलावून दोन्ही पाकिटं हातात दिली.

"आधी लेकीचं."

लेकीला काही नव्हतं. लस लागली होती. ती तोंडावर हात ठेवून रडली, मग उठली, आपली वाटी कपाटात ठेवून आली आणि लेकीच्या शेजारी बसून मधल्या वाटीत पहिला घास बुडवला. लेक टाळ्या पिटायला लागली.

तोवर मी दुसरं पाकीट फोडलं होतं. लागण आहे. लिव्हरच्या सगळ्या आकड्यांपुढे खुणा. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं, लगेच मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. माझी नजर तिच्या पोटाकडे गेली. पुढच्या महिन्यात तिला चाळिशी लागणार होती.

"आणि माझं?" वाटी माझ्याकडे सरकवत तिने विचारलं.

"आधी जेव," मी म्हणाले, आणि कागद मांडीखाली सरकवला.