मीठ धुतलेली शेतं

वगदी शलबी त्रेचाळीस वर्षांचा झाला तरी अजून विद्यार्थीच होता. सकाळी बुरुल्लुस तलावाकाठच्या आपल्या गावात शेतकी सोसायटीचा कारकून, आणि दुपारनंतर दोन मायक्रोबस बदलून विद्यापीठात. उपग्रहाच्या चित्रांवरून शेतातलं पीक ओळखायचं आणि त्याचा नकाशा करायचा, असला अभ्यास. पदवी मिळवायला पाच वर्षांची मुदत असते. ती या जुलैअखेर संपत होती. आता नाही तर कधीच नाही.

गावाला या अभ्यासाची भारी गंमत. त्याला ‘आकाशवाले साहेब’ म्हणायचे. बायको सबाह तर तोंडावर विचारायची, की ज्या शेतांवरून तू रोज चालत जातोस ती बघायला आभाळात कशाला चढायचं? उत्तर द्यायलाही अंगात जीव लागतो, आणि वगदीचा तो मायक्रोबसमध्येच संपलेला असायचा.

त्याचा विषय होता भात. भात पाणी फार पितो, म्हणून सरकार ठरावीक पट्ट्यातच परवानगी देतं आणि बाकीचे चोरून लावतात. वगदीने साधा हिशेब मांडला: मे महिन्यात ज्या शेतात पाणी कोंडलेलं दिसतं ते भाताचं. नकाशा झाला, मग जागेवर जाऊन पडताळणी झाली, शंभरात एक्क्याण्णव ठिकाणं बरोबर निघाली. मार्गदर्शक नगवाबाई इतक्या खूश झाल्या, की पाटबंधारे कचेरीने नकाशा मागताच देऊनही टाकला. तोंडी परीक्षा पार पडली. राहिला फक्त प्रबंधावर विद्यापीठाच्या मंडळाचा शिक्का. मंडळ अठ्ठावीस तारखेला बसणार होतं.

आणि दहा तारखेला सोसायटीत त्याच्याच टेबलावर पाटबंधारे कचेरीच्या नोटिसांचा गठ्ठा येऊन पडला. बेकायदा भात, त्रेसष्ट शेतं. पंचवीस तारखेपर्यंत हरकत घ्या, नाहीतर कालव्याचं पाणी बंद. वाटायच्या कुणी? कारकुनाने.

पहिली नोटीस उम्म हिल्मीची. त्याच्या आईची मैत्रीण, म्हणून त्याची खाला, मावशीच; नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, तलावाच्या बाजूला दीड फद्दान, म्हणजे दीडेक एकर, खारवट जमीन. वगदी तिच्या बांधावर पोचला आणि बघतच राहिला. शेतात गुडघाभर कापूस उभा होता. भाताची काडी नव्हती.

“खाला, मे महिन्यात शेतात पाणी होतं का गं?”

“होतं की. मीठ धुतलं मी,” उम्म हिल्मी म्हणाली. “आठ दिवस पाणी कोंडायचं, चरातून सोडून द्यायचं, मग कापूस. तुझा बाप काय वेगळं करायचा? फावडं घेऊन त्याच्यामागे तूच तर असायचास.”

वगदी बांधावर बसला. चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याने हेच काम केलं होतं, आणि पाच वर्षं पडद्यावर पाण्याचे काळे चौकोन बघताना त्याला ते एकदाही आठवलं नव्हतं. बरं, पडताळणीत तरी हे दिसायला हवं होतं. पण पडताळणीची सगळी ठिकाणं त्याने डांबरी रस्त्याच्या कडेची निवडली होती. तिकडची जमीन गोड, तिथे मीठ धुवायची वेळच येत नाही. कचेरी सुटल्यावर तलावाकडच्या चिखलात पाय ओढत कोण जाणार, असं तेव्हा वाटलं होतं. मेल्या, दोन दिवस गेला असतास तर काय झालं असतं, असं तो स्वतःलाच म्हणाला.

त्याने तिथूनच नगवाबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“वगदी, अठ्ठावीसपर्यंत गप्प बसा,” बाई म्हणाल्या. “शिक्का बसू दे, मग काय ती दुरुस्ती करू. आत्ता तोंड उघडलंत तर मंडळ प्रबंध परत पाठवेल, आणि तुम्हाला पुढची मुदत नाही.”

तोवर पाटबंधारे कचेरीचं कुणी शेत बघायला येईल का, असं त्याने विचारलं. कशाला येतील, बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे आता नकाशा आहे ना.

फोन ठेवला. उम्म हिल्मीने चहा आणला होता, तो निवून गेला. हरकतीची मुदत पंचवीसलाच संपणार होती, आणि ऐन जुलैत पाणी तुटलं तर कापूस पंधरा दिवसही तगत नाही, हे त्याला उपग्रहाने सांगायची गरज नव्हती. त्याने पिशवीतून हरकतीचा कोरा अर्ज काढला, शेताचा फोटो घेतला आणि मांडीवर पुठ्ठा ठेवून लिहायला लागला. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं: शेतात कापूस आहे, नकाशा चुकीचा आहे, नकाशा करणारा वगदी शलबी.

“तुझं नाव कशाला घातलंस?” ती दचकलीच. “आणि तुझ्या परीक्षेचं काय?”

“नाव नसेल तर ते नकाशाच खरा मानतील, खाला. मी फार दमलोय. अंगठा लाव.”

तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि अंगठा लावला. वगदीने शाई वाळू दिली, अर्ज पिशवीत ठेवला, बूट काढून हातात घेतले आणि चिखलातून शेजारच्या शेताकडे निघाला. अजून बासष्ट राहिली होती.