पारीमागचा धुरा

माझा स्वभाव संशयी आहे. भाजीवाल्याचा काटा मी दोनदा पाहतो, बायको रोज त्यावरून बोलते. तरी माझं चालूच. त्यातून त्या दिवशी शाळांची क्रॉसकंट्री होती. पहिल्या तीन मुली जिल्ह्याला जाणार होत्या आणि आमची लेक त्यासाठी दिवाळीपासून पहाटे उठून पळत होती. मी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं.

आधी खटकली ती कॉलनीतली उंच पोरगी. नवे कोरे बूट, बापाच्या हातात ग्लुकोजची बाटली, आणि बाप शिट्टीवाल्या सरांशी हसून हसून बोलतोय. म्हटलं, इथं काहीतरी शिजून राहिलं. आमच्या पोरीचे बूट मागच्या वर्षीचे. तळ झिजला म्हणून मोच्याकडून टायरचा तुकडा लावून आणला होता.

शिट्टी वाजली. मुली पांदणीच्या वाटेनं निघाल्या. तलावाच्या उंच मातीच्या पारीवर चढताना आमची सगळ्यांच्या पुढे होती. मी ओरडून ओरडून घसा बसवला. मग त्या पारीपलीकडे उतरल्या आणि दिसेनाशा झाल्या. तिकडं सगळ्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, कापणी होऊन मोकळ्या पडलेल्या.

पुन्हा दिसल्या तेव्हा कॉलनीवाली पुढे, तिच्यामागे आणखी दोघी, आणि आमची खूप मागे, चौथी. जीव तोडून पळाली बिचारी, पण चौथीच आली.

"शॉर्टकट मारला!" मी बोललोच.

"दमली असन भाऊ तुमची," शेजारचा एक बाप म्हणाला.

"दमली? माझी पोरगी?" तोही मला त्यांच्यातलाच वाटायला लागला.

पण सरांकडे गेलो नाही. आधी पुरावा, मग भांडण. तरातरा पार ओलांडून पलीकडे गेलो. चुन्याची पांढरी रेघ एका बांधीतून सरळ आरपार गेली होती आणि रेघेवर सगळ्या मुलींच्या बुटांचे ठसे. कॉलनीवालीचेही. कोणी रेघ सोडली नव्हती.

बांधीत लाखोरी होती, लाखेच्या डाळीचं पीक. धान उभं असतानाच आम्ही त्यात लाखोरी फेकतो. धान कापून नेलं की खाली ती बोटभर वर आलेली असते, हिरवीगार, कोवळी. आमच्याकडे लेकरू चालायला लागलं की पहिलं हेच शिकतं: उगवत्या लाखोरीत पाय टाकायचा नाही, धुऱ्यानं, म्हणजे कडेच्या बांधावरून, जायचं.

धुऱ्यावरच्या ओल्या मातीत एकटेच ठसे होते. बांधीला वळसा घालून गेलेले. टायरच्या नक्षीचे.

तरी मन मानेना. कोणी ढकललं असेल, कोणी मुद्दाम चुकीची वाट दाखवली असेल. परत आलो तर पोरगी लिंबाखाली बूट सोडत बसली होती.

"कोणी ढकललं तुले?"

"नाही."

"मंग धुऱ्यानं काहून गेली? सरांनी सांगतलं नव्हतं काय?"

"सांगतलं होतं. सर म्हणे, वावरवाल्याले इचारलं हाय, रेघेवरूनच पळा." तिचे डोळे भरून आले. "पण उगवून राहिली होती बाबा. पाय टाकवलाच नाही. आणि मले जिल्ह्याले जायचं होतं वो!"

कोणाशी भांडू? भांडायला उरलं होतं कोण?

घरी जाताना आमच्या बांधीपाशी मोटारसायकल थांबवली. आमचीही लाखोरी तेवढीच वर आली होती.

"उतर. पळ यातून."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी भाजीवाल्याच्या काट्याकडे बघतो तशी. "पारखून राहिले काय मले?"

"नाही वो माय. आपलीच हाय. पळ."

ती हलेना. मग मीच चप्पल काढली आणि आत पाय टाकला. तळव्याखाली रोपं मोडली. दुसरा पाय टाकला. "ये," म्हटलं, "पुढच्या वर्षी रेघ यातूनच गेली त काय करशील?"

तिनं बूट हातात घेतले, डोळे मिटले आणि धूम पळत सुटली. पार टोकापर्यंत गेली. तिथं थांबून तिनं मागे वळून मोडलेल्या रोपांकडे बघितलं.

परत मात्र धुऱ्यानंच आली.