बाटल्यांची झाकणं घट्ट होती

बाटल्यांची झाकणं घट्ट लावलेली होती. पूड बिघडली ती माझ्यामुळे.

कॉलेजच्या स्मरणिकेचा संपादक माझाच जुना विद्यार्थी. एवढं वाचून तो म्हणाला, "सर, आता कशाला हे? तुमच्या शोधाबद्दल लिहा की." शोधाबद्दलच लिहितोय. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर लेख परत द्या. त्या शोधासाठी ठरवलेला माझा सत्कारही रद्द करायचा असेल तर खुशाल करा.

नव्या शतकाची पहिली वर्षं. कोल्हापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत जांभळाचा अर्क बिस्किटांत घालायची खटपट चालली होती. जांभळातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं शरीराला चांगली, पण फार नाजूक. हवा, उजेड, भट्टीची धग लागली की जांभळा रंग मातकट होतो आणि रंगाबरोबर गुणही जातो. म्हणून अर्काच्या कणाकणाला कवच हवं. स्टार्चची पूड अर्कात कालवून आम्ही ते मिश्रण गरम हवेत फवारायचो. खाली कोरडी पूड जमायची. आठवड्याभरात तीही मातकट.

आमच्याकडे काचेची भांडी धुणाऱ्या बाई मुरगूडच्या. त्यांचे वडील गुऱ्हाळावरचे गुळवे, म्हणजे उसाचा रस उकळायची काहिल कधी उतरवायची ते ठरवणारे. आमची फजिती बघून एक दिवस बाई म्हणाल्या, "सर, रागावू नगा. गुऱ्हाळात भेंडीच्या खोडाचं बुळबुळीत पाणी रसात टाकत्यात. ते मळी कशी धरून वर आणतंय! मग तुमचा रंग न्हाय धरायचं व्हय?"

"बाई, आपण गूळ करत नाही."

"मग गूळच करा की! त्यो तरी खायला मिळंल."

सगळे हसले, मी सोडून. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेतातली खोडं आणली, ठेचून पाण्यात भिजवली, फडक्यातून गाळली. ते पाणी घालून केलेल्या पुडीचा रंग महिने गेले तरी हलला नाही.

"भांडी धुणाऱ्यांची नावं अहवालात घालत नाहीत," विभागप्रमुख म्हणाले. मी मान डोलावली. अहवालात एकटं माझं नाव गेलं.

मग मोठी खेप करायची ठरली. दाट पाण्यानं फवाऱ्याचं तोंड सारखं तुंबायला लागलं, तेव्हा मी कुणालाही न विचारता भेंडीचं पाणी निम्म्यावर आणलं. कवच कच्चं राहिलं. भरतानाच पुडीनं पावसाळी हवेतली ओल ओढली आणि बंद बाटल्यांत तिचे गोळे झाले. बिस्किटांचे कारखानदार बघायला आले, तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो, "बाईंनी झाकणं उघडी टाकली." पुढच्या महिन्यात बाईंना कामावरून काढलं. तेव्हाही मी गप्पच होतो.

परवा मुरगूडला जाऊन त्यांना हा लेख वाचून दाखवला. सुरुवातीला दोन पानं माझ्या पश्चात्तापाची होती.

"ते रडगाणं काढा," त्या म्हणाल्या.

"तुमचं नाव घालतो."

"नाव नगं. गावाला ठावं हाय मी कोण ते. पर झाकणं लावल्याली हुती. सासूनं मरंस्तवर मला त्यावरनं टोमणं मारलं. ते पैलं लिवा, बाकीचं मागनं."

पहिलं तेच लिहिलं आहे. संपादकांनी ती ओळ जागची हलवू नये.