पनागरची लौकी

विनता शेवडे यांना दीक्षितपुऱ्यात, हिंदी मुलखातल्या त्या शहरी मोहल्ल्यात, सगळे ‘बीजवाल्या दीदी’ म्हणायचे. तीसेक वर्षं त्यांनी संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत धातूचे नमुने तपासले. निवृत्त झाल्यावर, घरात एकट्याच असल्यामुळे, त्यांनी पुढची खोली मोकळी केली आणि तिथे बीजघर उघडलं. वाचनालयातून पुस्तक नेतात तसं बियाणं न्यायचं, लावायचं, आणि त्यातलं एखादं फळ वेलावरच पिकू देऊन नेलं त्याच्या दुप्पट बी परत आणून द्यायचं. शेजारच्या बापूसाहेब गर्ग्यांनी आपलं काचेचं कपाट दिलं. पहिल्या वर्षी त्यात मेथी, भेंडी आणि दोन रंगांचा घेवडा एवढंच होतं.

शाखा झाल्या त्या नंतर. जवळच्या पाटन गावी मंडीजवळ धान्याचं दुकान असलेल्या मुरलीधर पटेलांनी दुकानामागची खोली दिली. पनागर गावात मात्र जमेना. तिथे भाजी पिकवणाऱ्या बायकांकडे जुनी, घरची वाणं होती. पण शहरातली बाई गोड बोलून बी नेईल आणि कोणा कंपनीच्या हवाली करेल, अशी धास्ती त्यांना होती. दीपा कुशवाहा त्यांच्यातली फटकळ. तिने तोंडावर विचारलं, “दीदी, कल को आपने हमारा डिब्बा उठा लिया, तो हम क्या कर लेंगे?”

विनताताईंनी तिच्या ओसरीवर बसूनच नियम ठरवला. ज्या शाखेचं बी, त्या शाखेचं. देवाणघेवाण राजीखुशीने. कोणीही दुसऱ्या शाखेच्या डब्याला हात लावायचा नाही, दीक्षितपुऱ्यानेसुद्धा नाही. सगळ्यांसाठी मिळून काही ठरवायचं असेल तर तीन शाखांची तीन मतं, आणि जिकडे दोन तिकडे निर्णय. दीपाने ते दोनदा म्हणवून घेतलं. मग आत जाऊन तिने गोल, बुटक्या लौकीचं मूठभर बी आणून दिलं. दुधी भोपळ्याला तिकडे लौकीच म्हणतात. ही लौकी तिच्या सासूच्या माहेराहून आलेली. शिजायला मऊ आणि चवीला गोडसर. पुढे तिन्ही शाखांमध्ये तिच्याइतकी मागणी दुसऱ्या कशाला नव्हती.

सहा-सात वर्षं सुरळीत गेली. मग गणपती बसले त्या आठवड्यात बापूसाहेब आजारी पडले.

बापूसाहेबांचं वय ऐंशीच्या घरात. गच्चीवर त्यांनी लौकीचा वेल चढवला होता आणि रोज सकाळी ते लौकीचा रस घेत. त्या दिवशीच्या रसाचा पहिलाच घोट कडू लागला. सून सुखदा म्हणाली, “बाबा, टाकून द्या नं. काहून पिऊन राहिले?”

“कडू आहे म्हणजे गुणाचं असेल,” बापूसाहेब म्हणाले. “लोक कारल्याचा रस पितातच की.” आणि त्यांनी पेला संपवला.

थोड्या वेळाने उलट्या सुरू झाल्या, मग उलटीतून रक्त आलं. रुग्णालयात नेईपर्यंत त्यांचा रक्तदाब इतका खाली गेला होता की नाडी सापडेना. तिथल्या तरुण डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, “लौकी का जूस पिया था क्या? कड़वा था?” त्याने अशी माणसं आधीही पाहिली होती.

विनताताई धावत गेल्या तेव्हा सुखदा अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेली होती. पाय वर घेऊन, भिंतीला टेकून. विनताताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो बाजूला केला नाही, पण वळूनही पाहिलं नाही.

“मावशी,” ती म्हणाली, “दुकानातून बी आणलं असतं नं, तर आम्ही दुकानदाराला धरलं असतं. तुम्हाला कसं धरू? तुम्ही तर घरच्या.”

 विनताताई तिथून तशाच गर्ग्यांच्या गच्चीवर गेल्या. वेलाला अजून तीन लौक्या लटकत होत्या, तुकतुकीत आणि निरोगी. एकीची चकती कापून त्यांनी जिभेला लावली आणि थुंकली. कितीतरी वेळ चूळ भरली तरी तोंडातली जळजळ जाईना.

काय झालं असेल ते त्यांना माहीत होतं. रानातली कडू तुमडी, म्हणजे कडू भोपळा, आणि लौकी या एकाच जातीच्या. शेजारी तुमडीचे वेल असले, तर तिचा पराग लौकीच्या फुलावर येतो. त्या वर्षीचं फळ गोडच निघतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. त्या फळाचं बी लावलं, की पुढच्या वेलाला कडू लौकी लागते. आणि बापूसाहेबांना त्या बियांची पुडी त्यांनी स्वतःच्या हाताने दिली होती. बी त्या वर्षी पनागरहून आलेलं होतं.

त्यांनी दीपाला फोन लावून विचारलं, शेजारी कुठे तुमडी होती का.

“तुमड़ी?” दीपा म्हणाली. “पिछले साल नथ्थू ने लगाई थी, मेड़ से लगके। इकतारा बनानेवाले ले जाते हैं उससे। क्यों दीदी?”

नथ्थूचं शेत दीपाच्या बांधाला लागूनच होतं. मग विनताताईंनी तिला सगळं सांगितलं. 

पुढचे काही दिवस विनताताई शहरात घरोघर फिरत होत्या. ज्याने ज्याने ती लौकी नेली होती त्याच्या अंगणात, गच्चीवर, गॅलरीत जाऊन त्या वेल उपटायला सांगत. काही जण घाबरून लगेच उपटत. एका बाईने त्यांना दारातच उभं केलं. “हमारी तो मीठी है, रोज खा रहे हैं,” ती म्हणाली. तिची लौकी खरंच गोड होती; त्यांनी चाखून पाहिली. सगळेच वेल बिघडलेले नव्हते. पण पुढच्या बियांतून काय निघेल ते कोण सांगणार? विनताताईंनी हात जोडून वेल उपटायला लावला, आणि ती बाई मागून बडबडत राहिली, की आधी फुकट वाटायचं आणि मग येऊन उखडायचं, हा कुठला धंदा.

बापूसाहेब वाचले. घरी आले तेव्हा त्यांचे गाल बसले होते. त्यांचा मुलगा पोलिसात तक्रार करायला निघाला होता. बापूसाहेबांनी त्याला करू दिली नाही. भेटायला गेलेल्या विनताताईंना ते म्हणाले, “विनता, कपाटाला वाळवी लागली का गं? पावसाळ्यात बघत जा.”  त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते, तर विनताताईंना घरी जाऊन निदान रडता आलं असतं.

दसरा झाल्यावर तिन्ही शाखांची बैठक पाटनला ठरली. मुरलीधर पटेलांच्या दुकानामागच्या त्या खोलीत पोत्यांवर सगळे बसले. पनागरहून दीपा आणि आणखी दोघी आल्या होत्या. विनताताईंनी सरळ मुद्दा मांडला: पनागरच्या लौकीचं सगळं बी, तिन्ही शाखांमधलं, जाळून टाकायचं.

“सगळं?” मुरलीधर पटेलांनी विचारलं.

“सगळं. डोळ्यांनी पाहून गोड कोणतं नि कडू कोणतं ते ओळखता येत नाही, भैया.”

दीपा म्हणाली, “और हमारे पास जो दो-तीन साल पुराना रखा है? तब तो नथ्थू की तुमड़ी थी ही नहीं।”

“त्यात नवं मिसळलं नाही, हे तू खात्रीने सांगू शकशील?”

दीपाने शेजारच्या दोघींकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, “दीदी, एक बात बताओ। चखने का काम किसका था?”

कोणी बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली,

“आपके पैकेट पर ठप्पा रहता है, ‘जाँचा हुआ’। हम तो यही समझे कि दीदी के यहाँ फैक्टरी जैसी जाँच होती है। इसलिए हमने इधर नहीं देखा।”

तो ठप्पा खरा होता. विनताताई ओल्या फडक्यात बी ठेवून ते उगवतं का, कीड आहे का, एवढं तपासत. चव पाहायची तर आधी चार वेल लावायला हवेत, फळ धरेपर्यंत थांबायला हवं, एक हंगाम जायला हवा. ते पनागरला होत असेल, असं त्या धरून चालल्या होत्या. शेतं तर तिकडेच आहेत. मुरलीधर पटेलांनीही कबूल केलं, की त्यांनी तर कधी विचारच केला नाही; आलं ते पुडी बांधून पुढे दिलं.

“माझं चुकलं,” विनताताई म्हणाल्या. “ठप्प्यावर काय तपासलं ते लिहायला हवं होतं. पण म्हणून बी ठेवून द्यायचं का? बापूसाहेबांच्या जागी उद्या एखादं लेकरू असेल, दीपा.”

“हम भी तो बच्चोंवाले हैं,” दीपाचा आवाज चढला. “बाँटेंगे नहीं। अपने खेत में लगाएँगे, हर बेल का फल चखेंगे, कड़वी उखाड़ देंगे। दो-तीन साल में साफ हो जाएगी। जला दी तो गई। मेरी सास इसे अपने मायके से लाई थी।”

विनताताईंच्या डोळ्यांपुढून रुग्णालयातला तो बाक हलत नव्हता. त्या म्हणाल्या, मत घेऊ. दीक्षितपुरा जाळण्याच्या बाजूने. मुरलीधर पटेल बराच वेळ पोत्याच्या सुतळीशी चाळा करत राहिले. शेवटी, कोणाकडे न पाहता, त्यांनीही हात वर केला.

दीपा उठली. “ठीक है। आपका बीज आप जलाओ। हमारे डिब्बे को कोई हाथ नहीं लगाएगा, ये नियम आपने ही बनाया था, मेरे ओसारे में बैठके।”

“दीपा, सगळ्यांसाठी ठरवायचं तर मतं, हाही नियम तिथंच केला होता.”

“तो फिर हम सब में नहीं हैं।”

तिघी निघून गेल्या. पनागरच्या शाखेची पाटी दुसऱ्याच दिवशी उतरली, असं नंतर कळलं. मुरलीधर पटेलांच्या अंगणात लौकीचं बी जाळलं तेव्हा तिथे दोघंच होते. बी ओलसर नव्हतं, तरी नीट पेटेना; रॉकेल घालावं लागलं. पटेल म्हणाले, “सही किया दीदी।” पण त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता.

त्या हिवाळ्यात बीजघर उघडं असायचं, पण लोक कमी झाले. येत ते पुडी हातात घेऊन विचारत, “इसमें कुछ होगा तो नहीं?” विनताताई प्रत्येकाला समजावत. घेवड्याला असं होत नाही, मेथीला होत नाही. सांगताना त्यांना स्वतःचाच आवाज दुकानदारासारखा वाटायचा. संक्रांतीनंतर त्यांनी सुरुवातीपासून त्यांच्याकडेच असलेलं बीजघराचं अध्यक्षपद सोडलं आणि ते पटेलांना घ्यायला लावलं. पटेल तयार नव्हते. “चलो, नाम के लिए,” म्हणत त्यांनी होकार दिला.

पनागरचं त्यांच्या मनातून जात नव्हतं. दीपा ती लौकी लावणार हे नक्की होतं. ती नीट चाखेल का? की कोणी पाहुणा येऊन चुकून घेऊन जाईल? आणि ती चाखणारच असेल, तर पाटनच्या खोलीत तिचं म्हणणं आपण नीट ऐकलं तरी होतं का? मे महिन्यात एके दिवशी त्या कोणाला न सांगता बसने पनागरला गेल्या.

दीपा शेतात होती. विनताताईंना बांधावर पाहून ती सरळ उभी राहिली. तोंडावर हसू नव्हतं, पण “आओ” म्हणाली. तिने वेल रांगेत, दूर दूर लावले होते. नथ्थूच्या बाजूला त्या वर्षी तुमडी नव्हती. त्याला तिने समजावलं होतं की भांडली होती, ते तिने सांगितलं नाही. प्रत्येक वेलाचं पहिलं फळ ती कोवळं असतानाच कापत होती, चकती जिभेला लावून थुंकत होती.

“मला दे,” विनताताई म्हणाल्या.

“रहने दो दीदी, आपकी उमर…”

“दे गं.”

दोघींनी मिळून उरलेली रांग केली. बरेच वेल गोड निघाले. एका ठिकाणी विनताताईंचं तोंड वाकडं झालं; दीपाने हातातली लौकी घेऊन स्वतः चाखली, शिवी हासडली आणि तो वेल मुळासकट ओढून बांधावर फेकला. ऊन उतरल्यावर गोड वेलांवरची पांढरी फुलं उमलू लागली. दीपाने नरफूल खुडून त्याचा पराग मादीफुलाला लावला आणि पाकळ्या मिटवून वर दोरा बांधला, म्हणजे बाहेरचा पराग आत जाऊ नये. हे तिला कृषी विज्ञान केंद्रातल्या एका बाईंनी शिकवलं होतं. विनताताई दोरे तोडून देत राहिल्या.

निघताना त्यांनी विचारलं, “पनागर परत येईल का गं, आपल्यात?”

दीपाने हात पुसले. “पता नहीं दीदी। औरतें गुस्सा हैं। मैं भी हूँ।” मग जरा वेळाने म्हणाली, “चखने का नियम बना लो, लिखके। वो हम भी मानेंगे। बाकी बाद में देखेंगे।”

तो नियम झाला. लौकी, भोपळा, काकडी या वर्गातलं कोणतंही बी आधी वेल लावून, फळ चाखून मगच द्यायचं, आणि चाखणाऱ्याचं नाव पुडीवर टाकायचं. पनागरने तो मानला. शाखा मात्र परत आली नाही.

पावसाळा लागला तेव्हा मुरलीधर पटेलांचा फोन आला. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की पनागरहून सेमचं म्हणजे वालाचं बी आणलं, थेट दीपाकडून, आणि बदल्यात तिला पाटनची बरबटी, म्हणजे चवळी, दिली. “अच्छा?” विनताताई म्हणाल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आधी सांगितलंही नव्हतं. विचारायचं काही कारणही नव्हतं, हे त्यांना कळत होतं, तरी ते त्यांना लागलं. मग त्यांनी वालाचं फूल कोणत्या रंगाचं आहे ते विचारलं. पटेल म्हणाले, “वो तो दीपा से पूछना पड़ेगा।”