निळोबाची शीळ

पाहुण्यांना डोंगरात नेऊन पक्षी दाखवायचे, हा दादाचा धंदा आणि माझाही. शीळ घालून पक्षी बोलवायला आम्हा दोघांना अण्णांनीच शिकवलं. निळोबा हे आम्ही एका निळ्या पक्ष्याला ठेवलेलं नाव. लोक लांबून यायचे ते त्याच्यासाठीच, आणि गेली दोन वर्षं तो कुणालाच दिसलेला नाही. त्याच्यापायी दादाने जेवणखाण सोडलं आणि वहिनीने दादाशी बोलणं.

परवा सकाळी मी खिंडीच्या अलीकडून शीळ घातली, तर पलीकडून चक्क उत्तर आलं! पुन्हा घातली, पुन्हा आलं. काटेकुटे न बघता पाहुण्यांना घेऊन मी धावत सुटलो. झुडूप बाजूला केलं, तर समोर दादा. ओठांचा चंबू तसाच, डोळ्यांत पाणी, आणि मागे त्याच्या पाहुण्यांच्या दुर्बिणी माझ्यावर रोखलेल्या.

"तू होतास होय रे, गाढवा?" म्हणत तो मटकन खाली बसला.

"आणि मी काय समजून धावलो?" मीही भडकलो.

आज पाहुणे नव्हते, तरी दादा एकटाच वर गेला. मी खाली जीप धूत होतो. त्याने तीनदा शीळ घातली. चौथ्यांदा सूर फाटला, तेव्हा मला राहवलं नाही. मी खालून उत्तर दिलं.

वरून त्याची हाक आली, "ऐकलंस का रे? आहे तो! अजून आहे!"

"ऐकलं, दादा," मी ओरडलो.